मोठ्या गाडीचा न्यूट्रल

"गाडी न्यूट्रल कर आणि खाली उतर," जयवंत काटकर म्हणाला.

त्याच्या हातात ऊस तोडायचा कोयता होता. त्याच कोयत्यानं त्यानं नुकताच आमच्या गाडीचा हेडलाइट फोडला होता, काचा पुढच्या चाकापाशी पडल्या होत्या. टाकीवर माझी तीन वर्षांची ओवी बसली होती. माझ्या मागं माझा नवरा भरतेश; त्याची कॉलर जयवंताच्या मेव्हण्यानं मुठीत धरलेली. दोन्हीकडं डोक्याच्या वर गेलेला ऊस, मधून एक बैलगाडी जाईल एवढा रस्ता, आणि दुपारचे साडेतीन.

मी क्लच दाबून धरला होता. गाडी पहिल्या गिअरात होती.

या गोष्टीला यंदाच्या फेब्रुवारीत नऊ वर्षं झाली. पुढं काय झालं ते गावात सगळ्यांना माहीत आहे, आणि आमच्या घरात तर ती आता हसायची गोष्ट झाली आहे. गेल्या रविवारी माझा धाकटा दीर प्रीतम सांगलीहून आला होता, बायको आणि वर्षाच्या मुलाला घेऊन. त्याला त्याची शंभर सीसी विकून साडेतीनशे घ्यायची आहे. जेवताना त्यानं विचारलं, वहिनी, तुम्ही दोन्ही चालवल्यात, खरं सांगा, मोठी घेण्यात काही अर्थ आहे का. सासूबाई आमटी वाढता वाढता म्हणाल्या, तिला कशाला विचारतोस बाबा, तिनं न्यूट्रल समजून दुसरा गिअर टाकला आणि एका माणसाचा पाय मोडला. सगळे हसले. मीही हसले.

प्रीतमला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. ते द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

भरतेश साखर कारखान्याच्या शेती खात्यात चिटबॉय आहे. कुणी ऊस कधी लावला त्याची नोंद ठेवायची आणि त्या क्रमानं तोडीची चिठ्ठी द्यायची, हे त्याचं काम. ज्याची लावण आधी, त्याची तोड आधी. ऐकायला सोपं आहे. पण डिसेंबरात उसाला तुरे फुटायला लागले की रोज वजन घटतं, आणि गावातला प्रत्येक माणूस त्या चिठ्ठीसाठी चिटबॉयच्या मागं लागतो. कुणी गोड बोलून, कुणी नात्याचा धागा काढून, कुणी दम देऊन. भरतेशची शरीरयष्टी काडीसारखी आणि आवाज त्याहून बारीक. त्याची काळी शंभर सीसी त्याला शोभायची. बांध आडवा आला तर तो आधी पुढचं, मग मागचं चाक उचलून ती पलीकडं ठेवायचा. मी गाडी शिकले तीही तिच्यावरच, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, कारखाना बंद असताना, मोकळ्या गाडीअड्ड्यात. बीएस्सी झालेली सून मोटारसायकल चालवते म्हणून गावात महिनाभर चर्चा होती, मग तीही संपली.

जयवंताचा नंबर त्या वर्षी जानेवारीच्या शेवटी होता. त्याला तो डिसेंबरात हवा होता. भरतेशनं नाही म्हटलं. मग एका दुपारी जयवंताचा तीन एकर ऊस पेटला.

उभा ऊस पेटला की तो थांबू शकत नाही, रस आंबतो. म्हणून जळक्या उसाला नंबर मोडून आधी तोड द्यावी लागते. हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि काही जण ते ठाऊक असल्यामुळंच स्वतःच्या उसाला स्वतः काडी लावतात. भरतेश धूर बघून गेला तेव्हा बांधाला बीडकडच्या एका तोडणी कामगाराचा बैल बांधलेला होता. मालक दुसऱ्या फडात होता. बैलानं दावं तुटेपर्यंत ओढ घेतली होती, पण दावं तुटलं तेव्हा उशीर झाला होता. पाठीचं कातडं सुटलेला तो बैल रस्त्यावर धावत आला, दोन वेळा गुडघ्यांवर पडला आणि तिसऱ्यांदा उठला नाही. त्याचा मालक पळत आला, त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिला, असं भरतेशनं मला सांगितलं. मग त्यानं शेताच्या चारी कडा पायी बघितल्या. तीन ठिकाणी पाचटाचे ढीग मुद्दाम रचलेले होते. त्यानं अहवालात लिहिलं: आग लागलेली नाही, लावलेली आहे. कारखान्यानं जयवंताला आधीची तोड नाकारली. ऊस जागेवर आंबला.

चौथ्या दिवशी त्यांनी भरतेशला कालव्यावर गाठलं. जयवंत आणि त्याचा मेव्हणा दिगंबर, दोघेच. एकाच्या हातात ट्रॅक्टरचा पाना होता. भरतेश मोजणी करून गाडीकडं परत येत होता. त्यांना बघून त्यानं गाडीवर टांग टाकली, किक मारली. सुरू झाली नाही. दुसरी मारली. तिसरी मारायच्या आत पाना त्याच्या डाव्या मनगटावर बसला. मग पाठीत, मग बरगड्यांवर. तो खाली पडल्यावर दिगंबर त्याच्या मनगटावर उभा राहिला आणि जयवंत म्हणाला, लिही आता अहवाल. शेवटी त्यांनी काळी गाडी दोघांनी उचलली आणि कालव्यात टाकली. उचलायला त्यांना काहीच कष्ट पडले नाहीत, हे भरतेशनं दोनदा सांगितलं. खेळण्यासारखी उचलली, म्हणाला.

तो तीन किलोमीटर चालत घरी आला. दारात उभा राहिला तेव्हा ओवी त्याच्याकडं धावली, आणि मी तिला मध्येच धरलं, कारण त्याच्या नाकातून येणारं रक्त हनुवटीवरून थेंबाथेंबानं शर्टावर पडत होतं आणि त्याला ते कळत नव्हतं.

पोलिसांत तक्रार झाली. दोघांना अटक झाली, आठवड्यात जामीन झाला. भरतेशचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. आणि मी, ज्या बाईनं लग्नाआधी कधी कुणाशी मोठ्या आवाजात भांडणही केलं नव्हतं, ती मी दिवसरात्र एकाच गोष्टीचा विचार करायला लागले. दोन किका, आणि मारायची राहिलेली तिसरी.

कालव्यातून काढलेली गाडी मेकॅनिकनं उघडली. इंजिनात गाळ होता, पण दुरुस्त होईल म्हणाला. भरतेशला तीच हवी होती. बांधावरून जाते, पेट्रोल नावाला पिते, सवयीची आहे. मी म्हटलं, नाही.

"मग काय घ्यायचं म्हणतेस?"

"साडेतीनशेची. बटन दाबलं की सुरू होते ती."

तो हसला, आणि बरगड्या दुखल्या म्हणून थांबला. "अगं, तिचं वजन दोनशे किलो. मी साठ किलोचा. ती मला चालवेल."

"दोन माणसांना उचलता येणार नाही ती."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच."

त्यानं बरंच समजावलं. मोठी गाडी घेतली तर लोक म्हणतील, मार खाल्ला आणि फुगून बसला. बांधावरून जाणार नाही, फडापर्यंत पायी जावं लागेल. हा सगळा हिशेब बरोबर होता आणि मला तो ऐकायचा नव्हता. मला रस्त्यावर माझ्या माणसाखाली काहीतरी जड हवं होतं, जे हाक मारल्याबरोबर सुरू होईल. सासूबाई मध्येच म्हणाल्या, सूनबाई, गाडी बदलून माणसं बदलत नसतात. मी त्यांना उलट बोलले नाही, पण माझं म्हणणंही सोडलं नाही. जयसिंगपूरच्या एका प्राध्यापकांची वापरलेली गाडी मिळाली, गडद हिरवी. घरी आणल्यावर सासूबाईंनीच तिला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि मी ती पुढं घेतली. लिंबू फुटल्याचा आवाजही आला नाही. शंभर सीसीखाली लिंबू नेहमी निसटायचं.

मी घेतली, कारण भरतेश ती घेऊ शकत नव्हता. मोठ्या गाडीचा क्लच कडक असतो आणि त्याचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. माझी उंची पाच फूट सात, माझे पाय जमिनीला टेकत होते. जानेवारीभर तो ओट्यावर बसून मला शिकवत राहिला आणि मी अंगणासमोरच्या मोकळ्या जागेत फेऱ्या मारत राहिले.

मोठ्या गाडीत अवघड काय असतं, तर वजन नाही. वजनाची दोन दिवसांत सवय होते. अवघड असतो पाय. छोट्या गाडीला चवड्यानं दाबत गेलं की गिअर वाढत जातात आणि टाच दाबली की कमी होतात. पहिल्या गिअरात उभं असताना टाच दाबायची, खट् आवाज येतो, न्यूट्रल. आमच्या भागात घराघरात शंभर सीसी, सगळ्यांच्या टाचेला हे पाठ. मोठ्या गाडीचं उलटं. चवडा दाबला की कमी, टाच दाबली की वाढतो. पहिल्या गिअरात पूर्ण टाच दाबली तर न्यूट्रल मागं टाकून थेट दुसरा पडतो. न्यूट्रल हवा असेल तर टाच अगदी हलकी, निम्मीच दाबावी लागते. आवाज मात्र तसाच येतो. खट्.

मी पहिल्या आठवड्यात असंख्य वेळा चुकले. टाच दाबायची, न्यूट्रल झाला समजून क्लच सोडायचा, आणि गाडी गचका खाऊन बंद पडायची. भरतेश ओट्यावरून म्हणायचा, "पायाचं ऐकू नकोस." शेजारचे, येणारे-जाणारे थांबून बघायचे. पोस्टमन म्हणाला, माझ्या भाच्यानं अशीच हॉटेलच्या पायऱ्यांवर चढवली होती. मोठी गाडी घेतलेल्या प्रत्येकाची अशी एक गोष्ट असते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भरतेशचं प्लास्टर काढायचं होतं. मिरजेला गेलो. बस होती, पण ओवीला बसमध्ये उलट्या होतात, आणि खरं सांगायचं तर मला गाडीवर जायचं होतं. मला वाटायला लागलं होतं की त्या गाडीवर आम्हाला कुणी काही करू शकत नाही. ओवीला टाकीवर बसवलं, तिच्या कमरेभोवती माझी ओढणी गुंडाळून माझ्या पोटाशी बांधली. भरतेश मागं.

प्लास्टर काढल्यावर त्याचं मनगट बारीक, पांढरं, वाकडं दिसत होतं. डॉक्टर म्हणाले, एवढं राहणार. परतताना त्यानं ते मनगट माझ्या खांद्यावर टेकवून ठेवलं, वजन न देता, जसं काही ते दुसऱ्याचं होतं.

कालव्याच्या पुलानंतर गावाकडं वळणारा रस्ता उसातून जातो. वळणावर आडवी मोटारसायकल लावलेली होती. एक काळी शंभर सीसी, आमच्या जुन्या गाडीसारखीच. मी ब्रेक लावला आणि त्याच वेळी दोघं उसातून बाहेर आले.

जयवंतानं आधी हेडलाइट फोडला. कोयता वर केला आणि काचेवर मारला, माझ्याकडं बघतही नव्हता, ओवीकडं बघत होता. ओवी रडली नाही. तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं, मी काय करते ते बघायला. दिगंबरनं मागून भरतेशला धरलं. भरतेश म्हणाला, जयवंतराव, बाईमाणूस आणि पोर आहे, त्यांना जाऊ द्या, मी उतरतो. जयवंत त्याच्याजवळ गेला, कोयता उलटा धरला आणि बोथट बाजूनं त्याच्या त्याच मनगटावर मारलं. दोन तासांपूर्वी प्लास्टरमधून निघालेल्या. भरतेशचा आवाज मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तसा ऐकला नाही. माझ्या पाठीवर त्याचं कपाळ आदळलं.

"तक्रार मागं घेणार का?"

"घेतो," भरतेश म्हणाला.

"आणि अहवाल?"

मला वाटलं, तोही बदलतो म्हणेल. म्हणा ना, मी मनात म्हणत होते, म्हणा काहीही. भरतेश दात आवळून म्हणाला, "बैल मेला होता, जयवंतराव."

जयवंतानं कोयता सरळ केला. या वेळी धार होती. त्यानं तो भरतेशच्या खांद्यावरून ओढला, जोरात नाही, पानाचा देठ खुडावा तसा, आणि माझ्या मानेवर काहीतरी गरम पडलं. मला एकदम कळलं की हा माणूस आज इथं बोलायला आलेला नाही. मी आजूबाजूला बघितलं. ऊस वाऱ्यावर हलत होता, कुणी नव्हतं. पुढं आडव्या गाडीच्या उजवीकडं हातभर वाट होती. मी क्लच दाबून होते आणि इंजिन सुरू होतं.

जयवंताच्याही ते लक्षात आलं. तो वळसा घालून समोर आला आणि पुढच्या चाकापासून चार पावलांवर उभा राहिला.

"गाडी न्यूट्रल कर आणि खाली उतर. पोरीला खाली घे."

"करते," मी म्हटलं.

"पाय बघू दे तुझा."

तो माझ्या डाव्या पायाकडं बघत राहिला. गाड्या वापरणारा माणूस होता, पहिल्या गिअरातली गाडी काय करू शकते हे त्याला माहीत होतं. मी टाच दाबली. खट् आवाज झाला. त्यानं तो ऐकला, मान हलवली आणि निर्धास्त होऊन दोन पावलं पुढं आला, हँडल धरायला.

"आता दोन्ही हात वर," तो म्हणाला.

मी क्लच सोडला.

शंभर सीसी असती तर दुसऱ्या गिअरात, तीन माणसं घेऊन, तिथंच गचका खाऊन बंद पडली असती. ही गाडी बंद पडली नाही. माझ्या उजव्या मुठीत पूर्ण ॲक्सिलरेटर होता आणि ती पुढून फूटभर वर उठल्यासारखी होऊन निघाली. आधी मडगार्ड, मग लोखंडी लेगगार्ड त्याच्या गुडघ्याखाली बसला. ओला बांबू मोडावा तसा आवाज आला. तो खाली गेला आणि गाडी त्याच्यावरून गेली. पुढचं चाक, मग मागचं. प्रत्येक चाकाला मला खालून त्याचं शरीर जाणवलं. कोयता कुठंतरी उसात उडाला. मागं भरतेशची कॉलर फाटली आणि दिगंबर रस्त्यावर तोंडावर पडला. गाडीनं आडव्या लावलेल्या शंभर सीसीला उजवीकडून धडक दिली, तिला दहा हात फरफटत नेलं आणि उसात शिरून आडवी झाली.

ओवीची हनुवटी मीटरवर आपटली होती. माझ्या अंगाखालून मी तिला ओढून काढलं तेव्हा हनुवटी उघडी पडली होती, आतलं पांढरं दिसत होतं, आणि आता ती रडत होती. मी ओढणी तिच्या हनुवटीला दाबून धरली. भरतेश एका हातानं खांदा धरून उभा राहिला. मागं जयवंत रस्त्यावर बसायचा प्रयत्न करत होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशेला वळला होता आणि तो त्या पायाकडं बघून ओरडत होता. दिगंबर त्याच्याकडं गेला नाही. तो उसात पळाला.

मी गाडी उचलायला गेले. दोनशे किलो. भरतेश म्हणाला राहू दे, आपण चालत जाऊ. मी ती उचलली. कशी उचलली ते मला आजही सांगता येणार नाही. बटन दाबलं, सुरू झाली.

ओवीला हनुवटीवर चार टाके पडले, भरतेशच्या खांद्याला एकोणीस. मनगट परत प्लास्टरमध्ये. जयवंताला आम्ही पाठवलेल्या जीपनं त्याच दवाखान्यात आणलं, दोन मजले वर. त्याचं किंचाळणं जिन्यातून खाली ऐकू येत होतं.

जबाब घ्यायला आलेला हवालदार मध्यमवयीन होता. मी सांगितलं: मी न्यूट्रल करायला गेले. जुन्या गाडीची सवय. टाच दाबली, न्यूट्रल झाला समजून क्लच सोडला. भीतीनं ॲक्सिलरेटर पिळला गेला. त्यानं लिहून घेतलं, पेन थांबवलं आणि म्हणाला, वहिनी, मी मागच्या वर्षी मोठी घेतली, पहिल्या महिन्यात ठाण्याच्या गेटावर घातली होती. त्यानं परत वाचून दाखवलं आणि माझी सही घेतली.

खटला चालला. जयवंताच्या वकिलानं मला विचारलं, बाई, तुम्ही मुद्दाम घातलीत ना गाडी. मी तेच सांगितलं. मग जयवंत पिंजऱ्यात उभा राहिला, कुबडीवर. त्याला त्याच्याच वकिलानं विचारलं, बाईनं न्यूट्रल केला होता का. तो म्हणाला, "केला होता. मी डोळ्यांनी बघितलं. टाच दाबली तिनं, आवाज पण आला." त्याला बहुधा म्हणायचं होतं की मी त्याच्या हुकुमाप्रमाणं वागत होते, म्हणजे त्यानं काही केलंच नव्हतं. न्यायाधीशांनी ते नोंदवलं. माझ्यावरचा आरोप तिथंच संपला. त्याला आणि दिगंबरला शिक्षा झाली. तो सुटून आलाय. बाजारात दिसतो, उजवा पाय ओढत.

मी कुणाला सांगितलं नाही ते हे: तिसऱ्या आठवड्यानंतर माझी गिअरात एकदाही चूक झाली नव्हती. जयवंत म्हणाला "पाय बघू दे", तेव्हा मला त्याच्या मागं आडवी उभी असलेली काळी शंभर सीसी दिसली. त्याच्या टाचेला काय पाठ असेल ते मला कळलं. टाच पूर्ण दाबली तर त्याला न्यूट्रल वाटेल आणि तो जवळ येईल. मीटरवर न्यूट्रलचा हिरवा दिवा असतो, तो फक्त गाडीवर बसलेल्याला दिसतो. मी टाच पूर्ण दाबली आणि दिव्याकडं बघितलं. लागला नव्हता. तेव्हाच मी खालीही बघितलं होतं, ओवीच्या डोक्याकडं. तिचा भांग वाकडा झाला होता. टाकीवर काय होईल ते मला माहीत होतं. क्लच सोडायच्या आधी एक श्वास घेण्याइतका वेळ होता आणि तो मी घेतला.

रविवारी संध्याकाळी प्रीतमनं आमची हिरवी गाडी अंगणात काढली, चालवून बघायला. ओट्यावर भरतेश शेंगा फोडत बसला होता, चांगल्या हातानं. डावा हात टरफलं गोळा करण्यापुरता. त्याच्या शेजारी ओवी, आता बारा वर्षांची, पुस्तक उघडून. वाचताना ती अजून हनुवटीवरच्या रेघेवर अंगठा फिरवते. प्रीतमचं बाळ माझ्या कडेवर होतं.

प्रीतमनं दोन फेऱ्या मारल्या, समोर येऊन थांबला, टाच दाबली, क्लच सोडला. गाडीनं उडी मारली आणि बंद पडली. तो पडता पडता वाचला.

"बघा, वहिनीसारखंच," तो हसत म्हणाला. "पायाला वाटतं न्यूट्रल झाला."

"पायाचं ऐकू नकोस," भरतेश शेंगांवरून मान न उचलता म्हणाला. "हिरवा दिवा बघ. लागला नसेल तर गिअर पडलाय." त्यानं एक शेंग फोडली, दाणे ओवीच्या तळहातावर ठेवले. "मागं बसलेल्याला पण दिसतो तो. खांद्यावरून."

नऊ वर्षांत त्यानं हे एकदाही म्हटलं नव्हतं. आताही तो माझ्याकडं बघत नव्हता. ओवीनं दाणे तोंडात टाकले आणि पान उलटलं.

"मग वहिनी," प्रीतमनं विचारलं, "घेऊ का मोठी?"

बाळ माझ्या कडेवरून गाडीकडं झेपावत होतं. मी त्याला दोन्ही हातांनी आवळून धरलं.

"घे," मी म्हटलं. "पण याला कधी टाकीवर बसवू नकोस."